केरचा ताप, पुण्याचा रिपोर्ट

जानेवारी २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावाच्या आसपास रानात माकडं मरून पडू लागली, आणि त्याच सुमारास माणसंही तापाने अंथरूण धरू लागली. सिंधुदुर्ग म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो मालवणचा किनारा, किल्ला, होड्या आणि मासळी. दोडामार्ग त्या चित्रात कुठेच नसतो. १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा काढलेला हा छोटा तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी, गोव्याच्या कुशीत वसलेला आहे. इथे तिलारीचं धरण आहे, घनदाट रान आहे, आणि या रानाच्या कडेकडेने वर चढत गेलेल्या काजूच्या बागा, अननस आणि रबर आहे. तालुक्यातला माणूस गंभीर आजारी पडला, तर नातेवाईक त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात न्यायला आधी तयार होतात.

तापाला हा जिल्हा नवखा नव्हता. पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो होतो, पाऊस ओसरताना डेंग्यू येतो आणि मलेरिया तर अधूनमधून असतोच. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या हाताला याच तपासण्यांची सवय. पण हा ताप आला तो काजूला मोहोर असताना, म्हणजे चिखल वाळून गेलेला आणि डासांचा हंगाम सरलेला असताना. माणूस सकाळी बरा असायचा आणि संध्याकाळी फणफणायचा. कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, कंबर-मांड्या पिळून निघाव्यात असं अंगदुखणं, लालभडक डोळे, उलट्या, जुलाब. काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स उतरलेल्या दिसायच्या. हे चित्र डेंग्यूचंच वाटावं, पण डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह, मलेरियाची काच निगेटिव्ह आणि लेप्टोही निगेटिव्ह.

निगेटिव्ह रिपोर्ट ही मोठी फसवी गोष्ट असते. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाबद्दल ती मुकी राहते. केरमधला प्रश्न विचारायला कारणीभूत ठरली ती रानातली मेलेली माकडं, आणि वर्षभरापूर्वी शेजारच्या गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात घडलेली गोष्ट. तिथेही अशीच माकडं मेली होती, अशीच माणसं आजारी पडली होती, आणि तपासणीत नाव निघालं होतं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला सरळ माकडताप म्हटलं.

मग रुग्णांचं रक्त पुण्याला निघालं. शिरेतून काढलेलं चार-पाच मिलिलिटर रक्त, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळा केलेला पिवळसर सीरम, त्याची घट्ट झाकणाची कुपी, कुपीभोवती दुसरं वेष्टन, त्याबाहेर बर्फाच्या पिशव्या भरलेला डबा आणि सोबत रुग्णाचा फॉर्म. दोडामार्गहून आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरमार्गे पुणे म्हणजे सुमारे चारशे किलोमीटर. तिथे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, डबा उघडला जायचा. पुण्याहून उत्तर आलं की हा माकडतापच आहे. महाराष्ट्रात या रोगाची साथ पक्की नोंदली गेली ती ही पहिली.

पुण्याचं आणि या विषाणूचं नातं मात्र साठ वर्षांचं होतं, आणि केरची गोष्ट नीट कळायची तर तिथपर्यंत मागे जावं लागतं.

ही संस्था १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून स्थापन केली. तेव्हा तिचं नाव होतं व्हायरस रिसर्च सेंटर. डास, गोचीड अशा चावणाऱ्या जिवांमधून पसरणारे विषाणू शोधणं हे तिचं काम. अगदी सुरुवातीलाच तिथल्या शास्त्रज्ञांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतून धडधाकट माणसांचे रक्तनमुने गोळा केले आणि त्यांत कोणकोणत्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं आहेत ते पाहिलं. स्मिथबर्न, केर आणि गटणे या तिघांच्या नावावर १९५४ साली हे काम प्रसिद्ध झालं. त्यात एक न उलगडणारी बाब होती. सौराष्ट्र-कच्छकडच्या काही लोकांच्या रक्तात रशियन स्प्रिंग-समर एन्सेफलायटिस या सायबेरियाच्या जंगलात गोचिडीमुळे होणाऱ्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडं दिसली. कच्छ कुठे आणि सायबेरिया कुठे! त्या विषाणूचा कोणीतरी भाऊबंद भारतात आहे, एवढंच त्यातून सूचित होत होतं. पण रुग्ण नाही, रोग नाही, विषाणू हाती नाही, त्यामुळे ती नोंद कागदावरच राहिली.

तीन वर्षांनी, १९५७ च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यातून पुण्याला बातमी आली की सोरब तालुक्याच्या रानात वानरं मोठ्या संख्येने मरत आहेत आणि आसपासच्या गावांत माणसांना जीवघेणा ताप येतो आहे. मेलेली माकडं आणि तापलेली माणसं हे एकत्र ऐकल्यावर त्या काळच्या कोणाही विषाणूतज्ज्ञाच्या पोटात गोळा यावा, कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वर येतो तो असाच. आशियात पीतज्वर कधीच आलेला नव्हता, तो वाहणारा डास मात्र इथे गल्लोगल्ली होता. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो आपली माणसं घेऊन शिमोग्याच्या रानात शिरले. मेलेल्या वानरांचे अवयव, रुग्णांचं रक्त, रानातल्या गोचिडी असं सगळं गोळा करून पुण्याला आणलं गेलं. ज्या रानात मेलेल्या वानरातून विषाणू मिळाला त्याचं नाव क्यासनूर, आणि तेच रोगाला चिकटलं.

त्या काळची प्रयोगशाळेची तपासणी आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. ती चालायची उंदरांच्या पिल्लांवर. रुग्णाचा सीरम नवजात उंदराच्या मेंदूत टोचायचा आणि वाट पाहायची. पिल्लू काही दिवसांनी लुळं पडून मेलं, तर रक्तात काहीतरी होतं असं समजायचं. मग त्याचा मेंदू वाटून, गाळून दुसऱ्या पिल्लांना टोचायचा. तीही मेली, की विषाणू हाती आला. पण हा विषाणू कोणता? त्यासाठी ओळखीच्या विषाणूंविरुद्धचे सीरम एकेक करून त्याच्याशी भिडवायचे आणि कोणता त्याला निष्प्रभ करतो ते बघायचं. या सगळ्यात आठवड्यांमागून आठवडे जात, आणि उत्तर येईपर्यंत रुग्ण एकतर बरा झालेला असे किंवा गेलेला. पुण्यात मिळालेला विषाणू न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रयोगशाळेतही तपासला गेला. निदान पीतज्वराचं निघालं नाही. तो निघाला त्याच सायबेरियन कुळातला, पण अगदी वेगळा आणि शास्त्राला अनोळखी. कच्छच्या रक्ताने तीन वर्षांपूर्वी ज्याची चाहूल दिली होती, त्याचाच हा एक नातेवाईक. पहिल्या वर्षी, १९५७ मध्ये, माणसांतले ४६६ रुग्ण नोंदले गेले आणि पुढच्या वर्षी १८१.

गोचिडीचा तपशीलही याच काळात उलगडला. हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही तिची मुख्य जात. ही गोचीड आयुष्यात तीनदाच जेवते: एकदा अळी असताना, एकदा निम्फ म्हणजे अर्धवट वाढलेली असताना आणि एकदा पूर्ण वाढल्यावर. अळी आणि निम्फ उंदीर, चिचुंद्र्या, पक्षी, माकडं असे जे मिळेल त्याच्यावर चढतात. मोठी झालेली गोचीड गुराढोरांसारखी मोठी जनावरं पसंत करते. अळीने आजारी प्राण्याचं रक्त प्यायलं तर विषाणू तिच्या अंगात राहतो आणि कात टाकून निम्फ झाल्यावरही तो तसाच असतो. माणसाला चावते ती बहुतेक वेळा ही निम्फ, आणि ती एवढीशी असते की अंगावर असल्याचा पत्ताही लागत नाही. तिचा सुकाळ डिसेंबर-जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत. माकडाला हा रोग झाला की त्याच्या रक्तात विषाणूचा सुळसुळाट होतो. माकड मरतं, थंड पडतं, आणि त्याच्यावरच्या शेकडो गोचिडी विषाणू घेऊन त्याच जागी पाचोळ्यात उतरतात. म्हणून जिथे माकड मेलं, ती जागा रानातली सगळ्यात धोक्याची.

कोकणात ही गोष्ट पटवून देणं सोपं नाही. वानर म्हणजे मारुतीरायाचं रूप, त्यामुळे मेलेलं वानर दिसलं की चार जणांनी मिळून त्याला रीतसर मूठमाती द्यायची, हळदकुंकू वाहायचं, अशी आपल्याकडची रीत. बांदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात २०१२ साली या रोगाने गाठले ते आजारी आणि मेलेली माकडं हाताळून जाळण्याचं काम केलेले लोक. मग नुसत्या हातांनी, उघड्या पायांनी वानराचा अंत्यविधी करणाऱ्याचं काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. आरोग्य खात्याला श्रद्धेच्या विरोधात न जाता ‘हात लावू नका, आधी आम्हाला कळवा’ एवढंच सांगावं लागतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेनेही या विषाणूची किंमत मोजली. गोचिडीशिवाय, नुसत्या हवेत उडालेल्या तुषारांतूनही तो प्रयोगशाळेत माणसाला गाठू शकतो, हे तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांना झालेल्या लागणीतून कळलं. उंदराचा मेंदू वाटणारा, कुपी उघडणारा, पिंजरे साफ करणारा, कोणीही आजारी पडू शकत असे. गावात मात्र हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं हा ‘शिमोग्याचा रोग’ म्हणून ओळखला गेला. तो शिमोग्यातून आजूबाजूच्या जिल्ह्यांत, उत्तर कन्नडात, दक्षिण कन्नडात सरकला, पण कर्नाटकाची वेस त्याने ओलांडल्याची नोंद नव्हती. या काळात त्याच्या भोवती एक मजेदार उपकथानकही घडलं. सायबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडींबरोबर हा विषाणू आणला असेल का, या शंकेतून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) पक्ष्यांना कड्या घालण्याची मोठी मोहीम सुरू केली. पक्ष्यांबद्दलचं ज्ञान त्यातून अफाट वाढलं, विषाणू मात्र सापडला नाही. आणि त्या कामाला पुढे अमेरिकी लष्कराच्या एका विभागाचा पैसा मिळत होता हे बाहेर आल्यावर १९७० च्या दशकात संसदेत गदारोळ झाला. सालिम अलींसारख्या माणसालाही संशयाला तोंड द्यावं लागलं.

सिंधुदुर्गाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. दक्षिण कन्नडातल्या बेळतंगडी तालुक्यात निडले इथे राखीव जंगल तोडून काजूची लागवड केली गेली, आणि त्याच्या मागोमाग तिथे माकडतापाची भीषण साथ आली. मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने नंतर तिच्यावर लिहिलं आणि माकडतापाला ‘विकासाचा रोग’ म्हटलं. जंगल तोडल्यावर झाडाखालचं झुडूप वाढतं, गुरं तिथे चरायला येतात, गुरांबरोबर गोचिडी वाढतात आणि वर मजूर तिथे दिवसभर राबत असतात. काजू, गुरं, रान आणि हातावर पोट असलेली माणसं, हे चौघं एका जागी आले की काय होतं ते निडल्याने दाखवून दिलं होतं. त्यानंतर तीस वर्षांत कोकणात काजू चढत्या भाजणीत वाढला. निडल्याची आठवण इथे कोणी काढल्याचं दिसत नाही.

तपासणीची साधनं मात्र बदलत होती. २०११ साली गुजरातेत अहमदाबादजवळ क्रिमियन-काँगो हा गोचिडीचाच दुसरा रक्तस्रावी ताप सापडला. पुढच्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. डिसेंबरमध्ये पुण्यात पाषाणला एनआयव्हीची बीएसएल-४ प्रयोगशाळा सुरू झाली. सगळ्यात घातक विषाणू हाताळण्यासाठीची ही देशातली पहिली. आणि देवेंद्र मौर्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडतापासाठी आधुनिक चाचण्या प्रसिद्ध केल्या: रिअल-टाइम आरटी-पीसीआर, नेस्टेड आरटी-पीसीआर आणि आयजीएम एलायझा. उंदरांच्या पिल्लांचा जमाना संपला. ज्या उत्तराला आठवडे लागत होते ते काही तासांत मिळू लागलं. आता वेळ जाणार होता तो फक्त रक्त पुण्याला पोहोचण्यात.

पीसीआर आणि एलायझा या चाचण्या दोन वेगळ्या गोष्टी शोधतात, आणि केरच्या साथीत हाच फरक निर्णायक ठरला. आरटी-पीसीआर खुद्द विषाणू शोधते. त्याच्या आरएनएचा एक ठरावीक तुकडा रक्तात असेल, तर त्याच्या असंख्य प्रती काढून तो यंत्राला दिसेल एवढा करते. माकडतापात विषाणू रक्तात बरेच दिवस, दहा-बारा दिवसांपर्यंतही टिकू शकतो, पण सुरुवातीचे दिवस सगळ्यात चांगले. एलायझा विषाणूला विचारत नाही, ती शरीराला विचारते. शरीराने या विषाणूविरुद्ध आयजीएम नावाची पहिली प्रतिपिंडं बनवली आहेत का? त्यासाठी प्लॅस्टिकच्या ९६ खळग्यांच्या प्लेटवर सीरम घालतात, धुतात, विषाणूचे निष्प्रभ केलेले अंश घालतात, पुन्हा धुतात, आणि शेवटी रंग उमटला तर उत्तर ‘हो’. पण ही प्रतिपिंडं तयार व्हायला तापाचे चार-पाच दिवस जावे लागतात. तिसऱ्या दिवशी आलेल्या रुग्णाची फक्त एलायझा केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. पंधराव्या दिवशी आलेल्याची फक्त पीसीआर केली, तरी तेच. म्हणून फॉर्मवर सगळ्यात मोलाचा रकाना असतो तो ताप सुरू झाल्याच्या तारखेचा. गावाकडे हा रकाना भरणं हीच अडचण. बाजाराचा दिवस, शेजारच्या गावची जत्रा, कोणाचं तरी बारसं, असं धरत धरत तारीख काढावी लागते.

चाचण्या हाती आल्यावर नकाशा भराभर बदलला. २०१२-१३ च्या हंगामात बांदीपूर आणि निलगिरी, २०१३ मध्ये केरळातलं वायनाड, २०१४ मध्ये मलप्पुरम, २०१५ मध्ये गोव्यातली सत्तरी, २०१६ मध्ये दोडामार्ग. पन्नास वर्षं एका राज्यात बसलेला रोग चार वर्षांत पाच राज्यांचा झाला. बेळगाव जिल्ह्यातून गोव्याच्या काजूबागांत मजुरीला गेलेले लोक घरी परतल्यावर आजारी पडले आणि त्यांचंही रक्त पॉझिटिव्ह निघालं. सीमाभागातल्या मराठी-कानडी घरांची पोटापाण्यासाठी चालणारी ही येरझार रोगाच्या नकाशातही उमटली.

मग रोग पसरला, की तपासणी पसरली? दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे. माणसातला ताप डेंग्यू म्हणून खपून जाईल, पण माकडांचे ढीग पडले असते तर गावकऱ्यांच्या, वनखात्याच्या ध्यानात आल्याशिवाय राहिलं नसतं, असं म्हणणारे रोग सरकला असं मानतात. दुसरीकडे, दोडामार्गच्या साथीवर एनआयव्हीच्या मंडळींनी २०१८ साली लिहिलेल्या शोधनिबंधाचं शीर्षकच सांगतं की पश्चिम घाटात या रोगाचं असणं या साथीने सिद्ध केलं. मला स्वतःला दुसरी बाजू जड वाटते. सहा वेगवेगळी रानं, त्यातली काही एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर, एका सुमारास पेटली, आणि ती नेमकी चाचणी तयार झाल्यावर, हा निव्वळ योगायोग मानणं कठीण आहे. शिवाय कच्छच्या रक्ताने एकदा शिकवलेलं आहेच की रोगाचं नाव कळायच्या आधी त्याच्या खुणा रक्तात असू शकतात.

आता दोडामार्गचे आकडे. २०१६ च्या त्या हंगामात ४८८ संशयित रुग्णांचं रक्त तपासलं गेलं. साथ जानेवारीत सुरू झाली, मार्चमध्ये शिखराला पोहोचली आणि एप्रिलपासून उतरत गेली. १३० जणांचं निदान प्रयोगशाळेत पक्कं झालं. त्यातले ५४ फक्त पीसीआरने सापडले, ६६ फक्त आयजीएम एलायझाने, आणि दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेले केवळ १०. हे तीन आकडे नीट वाचावेत. नुसती पीसीआर असती तर १३० पैकी ६६ रुग्ण, म्हणजे निम्म्याहून जास्त, ‘काही नाही’ म्हणून घरी गेले असते. नुसती एलायझा असती तर ५४ सुटले असते. कोण तापाच्या दुसऱ्या दिवशी आला, कोण घरगुती काढे, मेडिकलमधली गोळी, गावचा देवस्कीवाला असं सगळं करून दहाव्या दिवशी आला, हे या आकड्यांत दडलेलं आहे. १३० पैकी तिघे दगावले, म्हणजे २.३ टक्के. कर्नाटकातल्या जुन्या अनुभवाने हे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के धरलं जातं.

रुग्णांपैकी ९३ टक्के आजारापूर्वी रानात गेले होते. जवळजवळ ८० टक्के काजूच्या बागेत काम करत होते, निम्म्याहून जास्त लाकडं गोळा करत होते आणि ४० टक्के सुका पाला नाहीतर गवत. एकच माणूस ही सगळी कामं करतो, म्हणून बेरीज शंभराच्या पुढे जाते. सगळ्यात जास्त फटका बसला तो चाळीस ते एकोणसाठ वयाच्या लोकांना, म्हणजे घर चालवणाऱ्यांना.

ज्याला कोकणातली कामं माहीत आहेत त्याला या टक्केवारीतून अख्खा हंगाम दिसतो. पौष-माघात बागेतलं बेणणं, मग पातेरा, म्हणजे सुका पाला, गोळा करणं. पातेऱ्याशिवाय इथली शेती हलत नाही. तो गोठ्यात गुरांखाली अंथरायचा, पुढे त्याचं खत, आणि तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, भाजवळीला तोच लागतो. बायका डोक्यावरून पातेऱ्याचे भारे आणतात, आणि निम्फ नेमकी पाचोळ्यात बसलेली असते. फाल्गुन लागला की काजू पडायला लागतो. झाडाखाली वाकून, बसून, सरकत सरकत बोंडू उचलायचा, पिळून बी काढायची, दिवसभर. बाग रानाला लागून, वर फांद्यांवर बोंडू खायला आलेली माकडं. रानात जाऊ नका असा सल्ला आरोग्य खात्याच्या पत्रकात सगळ्यात वर असायचा, आणि तो पाळणं सगळ्यात अशक्य होतं. काजू हे इथल्या बहुतेकांचं वर्षाचं मुख्य रोकड पीक. तापाच्या भीतीने बी झाडाखाली कुजू द्यायची, तर पावसात घर कशावर चालवायचं?

म्हणून मग मधले मार्ग. अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटलं गेलं, जे घामाबरोबर दोन-तीन तासांत उतरतं आणि ज्याचा वास अनेकांना सोसत नाही. माकड मेलेल्या जागेभोवती मॅलॅथिऑनची पावडर मारली गेली. पूर्ण बाह्या, बूट, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे उकळणं, असं सांगितलं गेलं. चैत्राच्या उकाड्यात, दमट हवेत बूट आणि पूर्ण बाह्यांनी काजू वेचून बघावा, म्हणजे हा सल्ला लिहिणारे आणि पाळणारे यांच्यातलं अंतर कळेल. पुढच्या हंगामात ताप सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूलाही निघाला. दोडामार्गपुरता समजलेला आजार आता हमरस्त्याला येऊन टेकला होता.

लसही आली, कर्नाटकातूनच. बेंगळुरूला हेब्बाळच्या पशुवैद्यकीय जैविक संस्थेत बनणारी ही लस १९९० पासून वापरात होती. फॉर्मॅलिनने मारलेला विषाणू, महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग बूस्टर, मग दरवर्षी बूस्टर. वय सहा ते पासष्ट. ती टोचल्यावर दंड चांगलाच दुखतो, त्यामुळे पहिला डोस घेतलेला माणूस दुसऱ्याला सापडायचा नाही. २०१३ मध्ये शिमोग्याच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष असा होता की दोन डोसांनी संरक्षण ६२ टक्क्यांच्या आसपास आणि बूस्टर घेतल्यावर ८३ टक्के. एक डोस घेऊन थांबलेल्याच्या पदरात फारसं काही पडत नव्हतं. पुढे तिचा प्रभावच अपुरा ठरल्याने २०२२ साली ती बंद झाली. तीस वर्षं ज्या एका बाटलीवर भिस्त होती, ती गेली.

लस गेल्यावर उरली ती तपासणी. या रोगावर विषाणूला मारणारं औषध नाही. सलाईन, तापावर उतारा, रक्तस्रावावर लक्ष, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप उलटून डोक्यात शिरलाच तर त्याची काळजी, उपचार एवढेच. मग निदान लवकर होऊन फायदा काय, असं कोणी विचारेल. फायदा असा की ज्याचं नाव ठाऊक आहे त्या रुग्णाला वेदनाशामकांच्या नावाखाली ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी दिली जात नाही, बरं वाटलं म्हणून तो आठव्या दिवशी पुन्हा बागेत जात नाही, आणि ज्या वाडीतून तो आला तिथे दुसऱ्या दिवशी माणसं आणि पावडर पोहोचते. एका रुग्णाचा रिपोर्ट हा त्या वाडीचा रिपोर्ट असतो.

आणि इथेच ते चारशे किलोमीटर आडवे येतात. चाचणी काही तासांची झाली तरी डबा भरण्यात, गाडी मिळण्यात, घाट चढण्यात, नमुन्यांच्या रांगेत दिवस जातात. २०२० च्या कोविडने जे अनेक जिल्ह्यांना दिलं ते सिंधुदुर्गालाही दिलं: जिल्ह्यातच आरटी-पीसीआर करू शकणारी प्रयोगशाळा आणि ती चालवायला शिकलेली माणसं. दरम्यान एनआयव्हीने ट्रूनॅट या छोट्या यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणीही तयार करून घेतली. यंत्र बनवणारी मोल्बिओ ही कंपनी गोव्यात वेर्णा इथली, म्हणजे दोडामार्गहून पुण्यापेक्षा कितीतरी जवळची. बॅटरीवर चालणारं हे यंत्र क्षयरोगासाठी आधीच सरकारी केंद्रांत पोहोचलेलं होतं. रक्त एका रसायनात मिसळलं की विषाणू तिथेच मरतो, त्यामुळे बीएसएल-४ ची गरज उरत नाही, आणि तासाभरात उत्तर येतं. अर्थात ट्रूनॅट ही पीसीआरचीच बहीण. उशिरा आलेल्या रुग्णासाठी आयजीएम एलायझा लागणारच, हे दोडामार्गच्या ६६ जणांनी आधीच सांगून ठेवलं आहे.

नव्या लशीवर आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स काम करत आहेत. ती हाती येईपर्यंत डिसेंबर ते मे या महिन्यांत दोडामार्ग-सावंतवाडीच्या आरोग्य केंद्रांत ताप घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारायचे असतात: रानात किंवा काजूच्या बागेत गेला होतात का, आणि तुमच्या बाजूला कुठे माकड मेलं का? उत्तर ‘हो’ आलं, की डेंग्यू-मलेरियाच्या जोडीला तिसरी कुपी भरायची आणि फॉर्मवर तापाची तारीख लिहायची.